एका धक्क्यावर दोन मचवे

रेवदंड्याचा पूल ओलांडला की डोक्यातली मुंबई आपोआप गळून पडते, असा माझा जुना अनुभव आहे. यावेळी काशीद आलं तरी ती गळेना. सलीमभाईंचा फोन कानात घुमत होता. "ताई, आमच्या कबड्डीला तुम्ही याच. यंदा बिघडलं तर कायमचं संपलं."

सलीमभाई आणि मी एकेकाळी आखातात राबलो. तिथल्या दोन शेजारी देशांनी मिळून क्रिकेटची मोठी स्पर्धा भरवली होती. खेळाडूंच्या प्रवासाची व्यवस्था मी एका देशात बघायची, तर सलीमभाई दुसऱ्या देशात बसगाड्या सांभाळायचे. सुरुवातीलाच एक संघ विमानतळावर आपल्या सामानावर बसून राहिला. बस तिकडचे पाठवतील असं आम्ही धरून चाललो आणि आम्ही पाठवू असं ते धरून बसले. फोनवर आम्ही दोघं असे काही भांडलो की विचारू नका! पण त्यानंतर एकमेकांना विचारल्याशिवाय साधी टॅक्सीही कुणी बोलावली नाही. शेवटी शेवटी तर काम इतकं सुरळीत झालं की आमचं आम्हालाच नवल वाटे. मग स्पर्धा संपली आणि सगळे पांगले. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

मुरुडला एसटीतून उतरून मी आगरदांड्याची रिक्षा पकडली. दोन्ही बाजूंना वाड्या (नारळ-सुपारीच्या बागा), मधूनच खाडीचं पाणी आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास. रिक्षावाल्याला कबड्डीबद्दल विचारलं तर तो मान न वळवताच म्हणाला, "हाय ना! पन गेल्या वर्षी पाहुने उपाशी ऱ्हायले. आवंदा बगू."

म्हणजे ती गोष्ट रिक्षापर्यंत पोचली होती तर.

गोष्ट अशी. गावी परतल्यावर सलीमभाईंनी, खाडीपलीकडे राहणाऱ्या त्यांच्या जुन्या मित्राबरोबर, नारायण पाटलांबरोबर, दोन गावांची मिळून कबड्डी स्पर्धा सुरू केली. सामने नारायणरावांच्या गावात, आगरदांड्याच्या बाजूला. पाहुण्या संघांचं जेवण आणि मुक्काम सलीमभाईंच्या गावात, दिघीच्या बाजूला. बरीच वर्षं छान चाललं. गेल्या वर्षी सामने लांबले, शेवटची फेरीबोट निघून गेली. पाहुण्यांना न्यायला मचवा (माणसं नेणारी मोठी होडी) कुणी पाठवायचा, तर या गावाला वाटलं त्यांनी, त्या गावाला वाटलं यांनी. पाहुणे धक्क्यावर उपाशी बसले आणि सकाळी अंतिम सामना न खेळताच निघून गेले. दोन्ही गावांत वाजलं. नारायणराव आणि सलीमभाई, दोघांचं बोलणं बंद झालं. मध्यस्थांनी कसंबसं एवढं ठरवलं, की आणखी एकदा करून बघू, नाही जमलं तर ज्याची त्याची वेगळी स्पर्धा.

मी मैदानावर पोचले तेव्हा सामने रंगात आले होते. लाल मातीवर पाणी मारलेलं, बायकासुद्धा पदर खोचून ओरडत होत्या. मैदानाच्या एका टोकाला सलीमभाई, दाढी पूर्ण पांढरी झालेली. दुसऱ्या टोकाला टोपी घातलेले, ताडमाड उंच नारायणराव. दोघं एकमेकांकडे चुकूनही बघत नव्हते. सलीमभाईंनी मला गरम चहा आणि बटाटावडा आणून दिला आणि हळूच म्हणाले, "पाहुण्यांची सोय मी केलीय. या वेळी इज्जत जाणार नाही."

सामने यंदाही लांबलेच. आम्ही धक्क्यावर आलो तेव्हा शेवटची फेरीबोट पलीकडे टेकत होती आणि पाणी तांबूस झालं होतं. धक्क्याला एक मचवा लागला होता, झेंडूच्या माळा घातलेला. मी सलीमभाईंना शाबासकी देणार, तोच त्यांचा चेहरा उतरला. मचवा त्यांचा नव्हता. त्यांचा मचवा आत्ता कुठे खाडीच्या मध्यावर होता, आमच्याकडे येत होता.

दोन्ही गावं गेल्या वर्षीच्या चुकीतून शिकली होती. फक्त आपापल्या घरी बसून शिकली होती!

दुसरा मचवा लागला आणि तोंडं सुटली. "पाहुने आमच्या मैदानावर खेलले, आमच्याच मचव्यातून जातील," नारायणरावांची माणसं म्हणाली. सलीमभाईंकडचे म्हणाले, "मेहमान आमच्या घरी जेवणार, न्यायचा मान आमचा." गेल्या वर्षी जे कुणालाच नको होतं ते आज दोघांनाही हवं होतं. पाहुणे खांद्यावर पिशव्या घेऊन मधे उभे. त्यांच्यातला एक दांडगा गडी कंटाळून म्हणाला, "आम्ही पोहत जाऊ का?" कुणीही हसलं नाही. आता संपलंच, असं मला वाटलं.

तेवढ्यात नारायणराव पुढे आले. वर्षभरात पहिल्यांदाच ते सलीमभाईंशी बोलले.

"मचवा मागवलास, तर माला सांगितला का न्हाय?"

"तू बोलतोस कुठं माझ्याशी? सांगू कसा?"

"मी तरी कुठं सांगितला," नारायणराव पुटपुटले. मग त्यांनी चपला हातात घेतल्या आणि सरळ सलीमभाईंच्या मचव्यात जाऊन बसले. सलीमभाई माळा घातलेल्या मचव्यात चढले. "निम्मे इकडं या रे," त्यांनी पाहुण्यांना हाक मारली.

मी नारायणरावांच्या शेजारी बसले. पलीकडे उतरताना ते म्हणाले, "फुडल्या वर्षी खेल हाय तोवर मी सलीमच्या घरी ऱ्हानार, त्यो माज्या घरी. हितला मला दिसंल, तितला त्याला. मंग कोन कुनाला सांगायचा ऱ्हाईल?"

सलीमभाईंच्या अंगणात पंगत बसली. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, शेवटी सांदण (तांदळाच्या रव्याचे वाफवलेले गोड वडे). नारायणराव वाढत होते आणि सलीमभाई त्यांच्यावर ओरडत होते, "अरे, हात आखडून काय वाढतोस!" दुसऱ्या दिवशी अंतिम सामना झाला. मी कुणाच्या बाजूने ओरडले ते आठवत नाही, पण घसा बसला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी त्या आखातातल्या स्पर्धेचाच विचार करत होते. आम्हीही शिकलो होतो, चांगले शिकलो होतो. पण ज्या दिवशी एकमेकांबरोबर काम करणं जमलं, त्याच दिवशी हिशेब करून आम्हाला घरी पाठवलं. माझ्या हाताखालच्या मुली, तिकडचे वाहनचालक, सगळे वेगवेगळ्या विमानांत बसले. त्या दोन देशांत पुन्हा स्पर्धा भरली तर तिथे नवी माणसं असतील आणि कुठलातरी संघ पुन्हा आपल्या सामानावर बसेल. मला नारायणरावांचा आणि सलीमभाईंचा चक्क हेवा वाटला. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा एकमेकांशीच भांडायचं होतं.