मांडवाभोवतीच्या फेऱ्या

बोनकोड्याच्या बागेत मी रोज इअरफोन घालून चालते. गाणं लावलेलं नसतं. तिथे येणारे गावातले एक काका अर्धी फेरी मारून कठड्यावर बसतात, मांड्या चोळतात, आणि मग उठून आम्हा सगळ्यांना मागे टाकतात. त्यांच्या स्नायूंत जन्मापासून एक एन्झाइम नाही, त्यामुळे पहिली काही मिनिटं पाय भरून येतात आणि मग मोकळे होतात. ते पन्नाशीत कळलं, असं ते स्वतःच मोठ्याने सांगतात. तोवर सगळे त्यांना आळशी म्हणायचे. मित्र अजूनही चिडवतात. परवा त्यातल्या एकाने विचारलं,

"पोरीच्या हलदीला पन बसूनच नाचशील का रं?"

"टाकी फुल हाय. पेटायला टाइम लागतो," काका हसत म्हणाले. पण त्या दिवशी ते बराच वेळ मांड्या चोळत राहिले.

हळदीच्या संध्याकाळी क्लासवरून येताना ते मला दिसले. नवा कुर्ता घालून घरापुढच्या रिकाम्या मांडवाभोवती एकटेच हळूहळू चालत होते. मध्येच खुर्चीवर टेकले, पुन्हा निघाले. माणसं जमल्यावर त्यांनी डीजेवाल्याला हात केला, "आता लाव!"

पहिल्याच गाण्याला बापलेक नाचू लागले. सगळे चकित झाले. काकांची तयारी फक्त मी पाहिली होती. मी इअरफोन काढून फाटकापाशी थांबले. तिसऱ्या गाण्याला तो मित्र धापा टाकत खुर्चीवर बसला, तेव्हा काकांनी त्याचा हात ओढला.

"ऊठ रं! बसूनच नाचशील का?"