नव्या हॉटेलातली माझी धाड

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि आमच्या गावात ती मी आहे.

हे मी फुशारकीने सांगत नाही. (थोडं सांगते.) माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण नाक पदवीधर! कुणी नाल्याकाठी मोहाची भट्टी लावली की मला घरात भाकरी थापता थापता वास येतो. मग आमच्या दारूबंदी महिला मंडळाच्या बायका गोळा करायच्या, पदर खोचायचे, थाळ्या वाजवत जायचं, मडकी उपडी करायची आणि जमादाराला फोन लावायचा. माझ्या मोबाइलमध्ये एकचं बटण दाबून धरलं की जमादाराला फोन लागतो. लेकाचा नंबर दोनवर आहे. त्याला त्याचं वाईट वाटतं. वाटू दे.

मंडळाचा एक नियमही मीच केला आहे. ज्याच्याकडे दारू सापडेल, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी थाळ्या वाजवायच्या. माणूस कितीही निगरगट्ट असो, चहाच्या आधी थाळ्या ऐकल्या की सरळ होतो.

तर, माझ्या नातीला, सोनलला, पाहायला पाहुणे यायचे होते. माझा लेक दिवाकर वर्ध्याला कचेरीत आहे, सून मंदा शाळेत शिकवते. कार्यक्रम मात्र त्यांच्या घरी नव्हता, हॉटेलात होता! मुलाच्या मामाने वर्ध्यात नवंकोरं हॉटेल काढलं होतं, तिथे.

"मंग पोहे कोण करन?" मी फोनवर मंदाला विचारलं.

"आई, हॉटेलात पाहाच्या कार्यक्रमाले पोहे नसतात."

"मंग पोरगी हातात काय घेऊन येते?"

"मोबाइल."

मग सोनलने फोन हिसकावून घेतला. "आजी, मले पोरगा आवडला हाय. खरंच आवडला हाय. तू फक्त जेवजो. बोलू नको. माह्यासाठी येवढं करजो."

या पोरीने लहानपणापासून माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी शब्द दिला. एक अक्षर बोलणार नाही!

पण रिकाम्या हाताने कसं जायचं? आमच्या गावाबाहेर शिंदीची झाडं आहेत. पहाटे तिथे नीरा उतरवतात. गार, गोड, पोटाला औषध. पाहुण्यांसाठी मी मोठी बाटली भरून घेतली, झाकण गच्च फिरवलं, बाटली शालीत गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. देवळीहून वर्ध्याची बस खचाखच. ड्रायव्हर ओळखीचा, म्हणून पिशवीला इंजिनावर जागा मिळाली. वर्ध्यात घरी पोचले तर मंदाने दारातच लुगडं बदलायला लावलं, आणि पिशवी खांद्याला तशीच लटकवून मी पुन्हा रिक्षात.

हॉटेल पाहिलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

दार आपोआप सरकलं. मी मागे सरकले, ते बंद झालं. पुढे आले, उघडलं. मी दोनदा करून पाहिलं. मंदाने दंड धरून आत ओढलं. आत छताला उलट्या टोपल्या टांगलेल्या आणि त्यांच्यात दिवे. भिंतीतच मासे पोहत होते, एकेक नारिंगी, शालू नेसल्यासारखा. हात धुवायला गेले तर नळाला चावीच नाही. हात पुढे केला की पाणी, मागे घेतला की बंद. मी त्या नळाला नमस्कार केला. (पाणी पुन्हा आलं.)

आणि जेवण! अंबाडीची भाजी मी जन्मभर रांधली, पण इथे ती पितळेच्या इवल्या वाटीत आली आणि वर टमाट्याचं गुलाबाचं फूल. पुरीएवढ्या भाकऱ्या, एकीवर एक, वर लोण्याचा गोळा. आपल्या झुणक्याला कुणी इतक्या इज्जतीने टेबलावर आणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. चारी बाजूंना पोरीबाळी, म्हाताऱ्या, साहेब लोक, सगळे हसून खेळून जेवत होते. कुणी कुणाच्या ताटात वाकून पाहत नव्हतं. मी तर गुंगच झाले!

मुलगा अनिकेत समोर बसला होता. नाकीडोळी बरा, हात धुऊन जेवणारा. त्याची आई मात्र गंभीर बाई. मामा येऊन जाऊन विचारत होता, "आजी, कसं वाटलं?" मी फक्त मान हलवत होते. दिवाकर माझ्याकडे असा पाहत होता, की जणू आपली आई ही नव्हेच.

तेवढ्यात मला वास आला.

हलका. आंबूस. मी ओळखला! ज्या वासामागे मी अर्धा तालुका पालथा घातला तो वास, आणि तो इथे, या दिव्यांखाली!

मी मान वळवली. कोपऱ्यात लांब काउंटर. मागच्या फळ्यांवर रंगीबेरंगी बाटल्याच बाटल्या. वर उंच पायाचे पेले उलटे टांगलेले. आणि काउंटरमागचा पोरगा एक बंद डबा कानाशी धरून खुळखुळवत होता. त्याने एका पेल्यात निळं पाणी ओतलं, आणि त्यातून धूर निघाला. धूर! आमच्या नाल्यावरची भट्टीसुद्धा इतकी निर्लज्ज नव्हती.

"दिवाकर," मी हळूच म्हटलं, "ते काय हाय?"

"मॉकटेल हाय, आई. सरबत. जेव तू."

"सरबतातून धूर निघते का?"

"आई, तू बोलणार नव्हती."

खरं होतं. मी सोनलकडे पाहिलं. ती खाली मान घालून हसत होती, अनिकेतही खाली मान घालून हसत होता. मी गप्प बसले. मग वाढप्याने तेच निळं पाणी सोनलच्या पुढ्यात ठेवलं, आणि वासाचा भपकारा आला.

आता मात्र पंचाईत! मी शब्द दिला होता सोनलला, आणि शपथ घेतली होती मंडळात. शपथ जुनी!

मी पदर खोचला. समोरची रिकामी थाळी उचलली, चमचा उचलला आणि सुरू केलं. ठण ठण ठण ठण!

"माय वं!" मंदाने कपाळाला हात लावला.

"उठा साऱ्या जणी! दारू हाय इथं! दिवसाढवळ्या पोरीबाळीयले पाजून राह्यले!"

लोकांना काय वाटलं देव जाणे. शेजारच्या टेबलाने टाळ्यांचा ठेका धरला. एका लहान पोराने "हॅपी बर्थडे" सुरू केलं, मागून साऱ्या हॉलने धरलं. त्या गजरात मी काउंटरपाशी पोचले, निळा पेला उचलला आणि नियमाप्रमाणे जमिनीवर उपडा केला. मग हिरवा. मग लाल. एक वाढपी मेणबत्ती लावलेला केक घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. मी फुंकर मारून मेणबत्ती विझवली, कारण दारूजवळ विस्तव नको!

"आजी, काऊन सांडून राह्यल्या हो?" मामा धावत आला. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. "लायसन जाईन माह्यं! पुदिना हाय तो!"

"पुदिना तुह्या मायले सांगजो," मी म्हटलं आणि एकचं बटण दाबून धरलं.

जमादाराची बदली नुकतीच वर्ध्याला झाली होती. मोटरसायकलवर लगेच आला. आमच्या टेबलावर तोवर प्रेतकळा. सोनलच्या डोळ्यांत पाणी. अनिकेतच्या आईने पर्स मांडीवर घेतली होती, म्हणजे उठायच्या बेतात.

मामाने पेले पुन्हा भरून पुढे केले. जमादाराने निळ्याचा वास घेतला. हिरवा चाखला. लाल अख्खा प्याला.

"बाई, सरबत हाय हे. चांगलं हाय."

"मंग वास कायचा येते? तुम्ही इकडं या. टेबलापाशी या. जास्त हाय तिथं."

तो आला. नाक वर करून टेबलाभोवती फिरला. दिवाकरला हुंगलं, अनिकेतला हुंगलं, आणि माझ्या खुर्चीपाशी थांबला.

"बाई, पिशवी कोणाची हाय?"

"माही. पाहुण्यायसाठी गावची नीरा आणली..."

पहाटेची नीरा. शालीत. इंजिनावर. दुपार. उन्हं चढली की नीरा आंबते आणि डोक्यात चढते, हे मंडळाच्या साऱ्या बायकांना मी स्वतः शिकवलं आहे. त्यांना पाठ आहे. मलाच आठवलं नाही.

जमादाराने बाटली बाहेर काढली. ती टम्म फुगली होती. तो झाकणाला हात लावतो न लावतो तोच फटाक! झाकण थेट छताच्या टोपलीत, आणि फेसाचा फवारा जमादाराच्या वर्दीवर, मामाच्या सदऱ्यावर आणि गंभीर बाईच्या पैठणीवर.

साऱ्या हॉटेलात दारू एकच होती, आणि ती मी आणली होती!

मी खाली बसले. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही. सोनलला हवं होतं तेच, पण उशिरा.

मग एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, दुसरी बाटली फुटते आहे. पाहते तर अनिकेतची आई! पदर तोंडात कोंबून बाई हसत होती. डोळ्यांतून पाणी, पैठणीवरून फेस.

"माह्या मामेसासऱ्याच्या गावी पाहिजे होत्या तुम्ही," ती म्हणाली. "सारा गाव सरळ झाला असता." मग सोनलकडे वळली. "पोरी, आजीसारखी हाय का तू?"

सोनल घाबरत म्हणाली, "थोडीशी."

"थोडीशी चालते. पुरी नको."

सोयरीक तिथेच ठरली. मामाने फरशी पुसून घेतली, मला ताजं निळं सरबत पाजलं. धूर नाकात गेला, पण चव मात्र अशी, की मी आणखी एक मागवलं. त्या पोराला डबा खुळखुळवताना मी काउंटरला टेकून डोळे फाडून पाहत राहिले. काय एकेकाच्या हातात कला असते! जमादार बाटली जप्त करून घेऊन गेला. नियम म्हणजे नियम. जाता जाता त्याने कुणाला तरी फोन लावला. मी लक्ष दिलं नाही. तिथेच चुकले.

संध्याकाळच्या बसने गावी परतले. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि अंगणातून आवाज आला.

ठण ठण ठण ठण!

दार उघडलं. अख्खं मंडळ उभं होतं. पदर खोचलेले, हातात थाळ्या, चेहरे कडक. आणि सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांत जोरात वाजवत होती माझी सून मंदा. पहिल्या बसने खास वर्ध्याहून आली होती!

मी काय करणार? नियम माझाच. घरात गेले, गॅस बंद केला, माझी थाळी आणली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिले. मीही वाजवली. कारण माझ्या दारात, माझ्या मंडळाने, माझ्यावर टाकलेली धाड, आणि एकीलाही ताल नव्हता.