पद वेगळं, बांय वेगळी

कमलाक्षीबाई पेडण्याहून येत. सकाळी सहाच्या बसने म्हापसा, तिथून दुसरी बस डिचोलीला, आणि स्टँडवरून आमच्या आरोग्य केंद्रापर्यंत वीस मिनिटं पायी. मी केंद्रात औषधं देत असे, त्या नर्स. आल्या की पहिली पाच मिनिटं कुणाशी बोलत नसत. चपला काढून, पाय थंड फरशीवर टेकवून बसत. मग उठून सुया उकळायला ठेवत. अकरा वर्षं मी हे पाहिलं.

घरी नवराबायको दोघंच. यजमान रघुनाथ पेडण्यात मराठी शाळेचे मास्तर. बाईंचा गळा चांगला होता, पण तो गावच्या भजनापुरता. गाणी वगैरे त्या कधी करतील असं त्यांनाही वाटलं नसावं.

नव्वद सालच्या एप्रिलमधली गोष्ट. डिचोलीबाहेर कारखान्यांच्या शेड उठत होत्या आणि त्या कामावर कोल्हापूर, बेळगावकडची माणसं पत्र्याच्या खोपटांत राहत होती. गावात त्यांना सगळे ‘घाटी’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. बाई तिथे पोरांना लस द्यायला जात. त्या दिवशी वाटेत त्यांना सोनाबाई भेटली. ही चंदगडकडची, चाळिशीची, वाळून काटकी झालेली बाई. डोक्यावर घागर घेऊन ओहोळाकडून येत होती. ओहोळ तिथून दीड मैल. बाई सहज म्हणाल्या, “दे गो माझ्याकडे, जरा दम खा.”

सोनाबाईने हसत घागर त्यांच्या डोक्यावर ठेवली. बाई दहा पावलं चालल्या नसतील. मान लचकली, अर्धं पाणी अंगावर सांडलं. दीड मैल वाहून आणलेलं ते पाणी. सोनाबाईने उरलेली घागर परत डोक्यावर घेतली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई, सवय लागतीया त्याला.”

त्या संध्याकाळी म्हापशाच्या बसमध्ये, मान धरून बसलेल्या असताना, बाईंना ओळ सुचली. ‘तुझो भार माझ्या माथ्यार, येक पावल तरी.’ पेडण्याला घरात बोलतात तशीच. पुढची कडवी आठवडाभरात झाली.

म्हापशाला गौरेशचं कॅसेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत तो स्वतःच्या कॅसेटी भरून विकत असे. बाई त्याच्याकडून भजनांच्या कॅसेट घेत. एका शुक्रवारी बाजाराला गेल्या असताना त्यांनी त्याला हे गुणगुणून दाखवलं. गौरेश म्हणाला, “बाई, याला गिटार आणि ड्रम लावूया. तुम्हीच म्हणा.” बाई नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या. गणपतीच्या चवथीला कॅसेट बाहेर आली आणि दिवाळीपर्यंत ते पद जिकडेतिकडे वाजू लागलं. बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, सलूनमध्ये. पदेर सायकलवरून पाव विकताना शिट्टीवर तीच चाल वाजवायचा.

पत्रं गौरेशच्या दुकानाच्या पत्त्यावर येत. दर शुक्रवारी तो पिशवी भरून बाईंच्या हातात द्यायचा. बाई ती केंद्रात आणत आणि दुपारी आम्ही दोघं वाचत बसू. पणजीच्या एका बँक अधिकाऱ्याने दहा पानं लिहिली होती: पद ऐकल्यापासून आपल्याला कामवालीकडे वर मान करून पाहवत नाही. एका मुलीने लिहिलं, मी रोज निजण्याआधी ऐकते आणि रडते, मग छान झोप लागते. हे वाचून बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “छान झोप लागते?” त्या म्हणाल्या. मग ते पत्र घडी घालून ठेवलं.

पण निम्म्याहून जास्त पत्रं वेगळीच होती. गोवा वेगळं राज्य होऊन तीनच वर्षं झाली होती आणि भाषेच्या भांडणाची धग अजून गेली नव्हती. पद कोंकणी की मराठी, यावर लोक हातघाईवर आले होते. एक लिहायचा, ‘तुझो’ चूक आहे, ‘तुजो’ म्हणा, आमच्या मायभाशेची विटंबना करू नका. दुसरा लिहायचा, ‘तुझा’ म्हणायला लाज वाटते का? साखळीच्या गोकुळदास नावाच्या एका गृहस्थाचं पत्र तर चार पानांचं होतं, सगळं त्या एका ‘झो’वर. शेवटी सही, आणि खाली: ‘आपला निस्सीम चाहता’.

रघुनाथ मास्तरांना शाळेत विचारत, तुमची बायको नक्की कुणाकडची? मास्तर म्हणत, “ती डिचोलीकडची. घरी असतेच कुठे?”

जानेवारीत म्हापशाच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला बाईंना बोलावलं. दुसऱ्या दिवशी केंद्रात त्यांनी मला सगळं सांगितलं. पद सुरू झालं तशी वीस-पंचवीस मुलं स्टेजवर चढली. प्रत्येकाच्या डोक्यावर घमेलं, चंदेरी रंग दिलेलं. ती घेऊन नाचली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. खाली उतरल्यावर एक मुलगा धावत आला. “बाई, अंगावर काटा आला!” त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“तो खोटं नव्हता बोलत,” बाई मला म्हणाल्या. “तेच तर कळत नाही मला.”

फेब्रुवारीच्या शेवटी खोपटांवर पुन्हा लस द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. सोनाबाई घागर उतरवून बसली होती. म्हणाली, “बाई, तुमचं गानं रोज ऐकतो की आमी.”

“कुठे ऐकता? तुमच्याकडे टेप कुठे आहे?”

“त्या खालच्या वाड्यातल्या घरातनं. हीर हाय बगा त्यांच्या दारात, तिथनं. पानी आनाय जाताना एकदा आनि येताना एकदा.”

विहिरीला तिकडे बांय म्हणतात. ते घर मालतीबाईंचं, आणि त्यांची बांय खोपटांपासून हाकेच्या अंतरावर होती. भर उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी. पण घाट्यांनी तिला शिवायचं नाही, हे कामगार आले त्याच दिवशी ठरून गेलं होतं.

“तुम्ही मागितलं नाहीत?” बाईंनी विचारलं.

“मागितलं की. कुत्रं सोडलं आमच्यावर.” सोनाबाईने हे सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तसं. “तुमी का इचारताय? गानं ग्वाड हाय तुमचं. चालताना बरं वाटतंय.”

बाई तिथूनच मालतीबाईंच्या घरी गेल्या. मीही मागोमाग. मालतीबाई साठीच्या, विधवा, घरची खातीपिती. पद म्हणणारी बाई दारात आली हे कळल्यावर त्यांना काय करू नि काय नको असं झालं. दारापुढच्या बालकांवातल्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, आम्हाला बसवलं, चहा आणला, शेजारणींना हाका मारल्या. “कितें बरें पद तें! हांव दर खेपेक रडटां गो,” म्हणत खरोखरच डोळे पुसले. बाईंना दोन ओळी म्हणायला लावल्या. बाईंनी म्हटल्या.

मग बाई म्हणाल्या, “मालतीबाय, ते पद ज्या बाईवर आहे ती तिथे वर राहते. ती तुमच्या बांयचं पाणी मागते.”

मालतीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते तिथेच थांबलं. “तें वेगळें गो बाय,” त्या म्हणाल्या. “पद वेगळें, बांय वेगळी. बांयवर देव आसा आमचो.” शेजारणी आपापल्या घरी निघाल्या. आमच्या कपातला चहा अजून संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पत्रांची सगळी बोचकी सोडली, डिचोली तालुक्यातली पत्रं वेगळी काढली आणि प्रत्येकाला पोस्टकार्ड लिहिलं. आपल्याला पद आवडलं, आभार. ज्यांच्यावर ते आहे त्यांना पाणी मिळत नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला अमुक घरी या, आपण सगळे मिळून मागू. अशी कार्डं एकोणीस होती. पत्ते मी घातले.

मार्चचा पहिला रविवार. सुटीच्या दिवशी बाई पेडण्याहून दोन बस करून आल्या. दहा वाजले, साडेदहा झाले. दोन कॉलेजच्या मुली आल्या, बाईंच्या सह्या घेतल्या, बांयकडे एकदा पाहिलं आणि अकराच्या बसने गेल्या. मग काळी छत्री घेतलेले एक बुटके म्हातारे गृहस्थ वर चढून आले. ते गोकुळदास. ‘झो’वर चार पानं लिहिणारे. खाणीवर कारकून होते, निवृत्त झालेले, कानाने थोडे कमी.

“त्या अक्षरावर मी अजून भांडणार आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “पण आज काय करायचं ते सांगा.”

काय करायचं हे बाईंनाही माहीत नव्हतं. तिघं जाऊन मालतीबाईंच्या सोप्यावर बसलो. आलेल्या माणसाला मालतीबाई घालवून देऊ शकत नव्हत्या. गोकुळदासांनी पाण्याचा पेला मागून घेतला, पाणी गोड आहे म्हणाले आणि विषय काढला. मालतीबाईंनी नाही म्हटलं. ते कानाला हात लावून “काय?” म्हणाले. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. जेवणवेळेपर्यंत हेच चाललं. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी मला ताप होता, मी गेलो नाही. ते दोघं गेले. चौथ्या रविवारी मालतीबाई दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“दनपारां दोन ते तीन, एक तास,” त्या म्हणाल्या. “घागर घासून आणायची. दोर आपला. चौथऱ्यावर पाय घालायचो नाय. आणि तुम्ही आता माझ्या दारात बसूं नका गो, लोक कितें म्हणतले?”

बाई धावतच वर गेल्या. सोनाबाईने ऐकून घेतलं. “दुपारी दोनला?” ती म्हणाली. “जेवायची सुटी एकला असती. तवा आमी कामावर असतोय बाई. मुकादम सोडतोय व्हय?”

बाई तिथेच खडीच्या ढिगाऱ्यावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता शीण होता. सुटीचे चार दिवस, येऊन-जाऊन चार-चार तास प्रवास, आणि हे एवढं साधं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. थोड्या वेळाने उठून त्या ठेकेदाराला गाठायला गेल्या. ठेकेदाराने त्यांना पाहताच जीपमधून कॅसेट काढली. “बाई, तुम्हीच ना त्या? इथे सही करा! माझ्या मिसेसला तुमचं फार वेड आहे.” बाईंनी सही केली. वर त्याच्या बायकोचं नावही लिहिलं. मग म्हणाल्या, “जेवणाची सुटी एक तास पुढे ढकला.” त्याने ढकलली. त्याला त्याचं काहीच नव्हतं. आधी कुणी मागितलं नव्हतं, एवढंच.

वर्षभर सोनाबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका त्या बांयवरून पाणी नेत राहिल्या. चौथऱ्याखाली उभं राहून लांबून ओढायचं, म्हणून कमरा धरत. बाई त्यांना चोळायला मलम देत. ब्याण्णव साली शेड पुरी झाली आणि सोनाबाईची टोळी दुसऱ्या कामावर गेली. जाण्याआधी ती केंद्रात येऊन गेली. बाई लस द्यायला बाहेर गेल्या होत्या, भेट झाली नाही. “सांगा, आलती म्हनून,” एवढं मला सांगून गेली.

मधल्या काळात गौरेश दुसरी कॅसेट काढू म्हणून मागे लागला होता. बाई म्हणाल्या, नको. पत्रंही हळूहळू थांबली. लोकांना नवी गाणी मिळाली होती. बाईंना त्याचं वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. शुक्रवारी हातात पिशवी नसते, बसमध्ये दांडा धरता येतो, असं म्हणाल्या.

मग पावसाळ्यानंतर दुसऱ्या शेडचं काम निघालं. बेळगावकडची नवी माणसं त्याच खोपटांत आली. आठ दिवसांनी कळलं, मालतीबाईंनी बांय बंद केली. त्यांचं म्हणणं, तो शब्द त्या आधीच्या बायकांपुरता होता.

मी म्हटलं, “बाई, सोडा आता. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं.”

बाई चपला काढून बसल्या होत्या. “गोकुळदासांना कार्ड टाका,” त्या म्हणाल्या. “रविवारी म्हणावं.”

गोकुळदास त्या दिवसांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनने घरी पडून होते. आम्ही दोघंच गेलो. मालतीबाई आता थकल्या होत्या. दार उघडायलाही वेळ लागला. बाईंना पाहून हसल्या, सोप्यावर बसा म्हणाल्या, आणि म्हणाल्या, “खूप दिस जाले गो. म्हण पळोवया तें पद.”

“आज गळा बसलाय मालतीबाय,” बाई म्हणाल्या. “चहा द्या. मग बांयचं बोलूया.”