भिकाअण्णांचे तीन ढीग

लष्करी शर्ट विकण्यापूर्वी भिकाअण्णा तो मांडीवर घेत आणि अर्ध्या ब्लेडने त्याच्यावरच्या फिती, बिल्ले, नावाची पट्टी उसवून काढत. गिऱ्हाईक कितीही खोळंबले तरी हा क्रम चुकत नसे. “आधी माणूस उतरवायचा, मग कपडा इकायचा,” असे ते म्हणत.

देवळाली कॅम्पात त्यांचे दुकान होते; शिंपीकामही तेच करत. शाळेच्या संचलनासाठी पट्टे घ्यायला मी प्रथम गेलो आणि ‘जुने कपडे’ असे बोलून गेलो. मी शिक्षक आहे हे कळल्यावर अण्णांनी मलाच धडा दिला. त्यांच्याकडे तीन ढीग होते. पहिला ‘कंडम’, म्हणजे खात्याने निकामी ठरवून लिलावात काढलेला. त्याचे पोतेरे केले तरी चालते. दुसरा ‘उतरलेला’, म्हणजे निवृत्त जवानाने स्वतः आणून विकलेला. निशाण्या काढल्याशिवाय तो दुसऱ्याच्या अंगावर जाता कामा नये. तिसरा ‘ठेवणीतला’, घरच्यांनी जपलेला आणि केवळ दुरुस्तीला आलेला. त्याच्या दोऱ्यालाही हात लावायचा नाही.

अंबडच्या एका सुरक्षा-ठेकेदाराने एकदा फितींसकट शर्ट मागितले. अण्णा शांतपणे म्हणाले, “फित्या पाहिजेत ना? भरती व्हा. पंधरा वर्षांनी या, फुकट शिवून देतो.”

अशा माणसाच्या हातून चूक झाली. वणीजवळच्या मालतीबाईंनी आपल्या दिवंगत हवालदार पतीचा लोकरी शर्ट कॉलर सांधायला दिला होता. मुलीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी तो आपल्या शेजारच्या पाटावर ठेवायचा, असे त्यांनी ठरवले होते. शर्ट चुकून ‘उतरलेल्या’ ढिगात गेला आणि अण्णांनी उजव्या बाहीवरच्या तीन फिती उसवून डब्यात टाकल्या. डब्यात तशाच पुष्कळ फिती होत्या. लग्न चार दिवसांवर आले होते.

मी गेलो तेव्हा दुकान अर्धे बंद होते; फाटकी कॉलर पाहून ध्यानात आलेली चूक अण्णांनी मला सांगितली. सगळ्या फिती सारख्याच, कोणत्याही लावा, मालतीबाईंना कळणार नाही, असे मी सुचवले. अण्णांनी मान वर केली.

“गुरुजी, एका पोराला दुसऱ्याचा पेपर जोडून पास कराल का तुम्ही?”

मी शेजारी बसलो. बाहीवर जुन्या शिलाईची भोके राहिली होती. डब्यातली एकेक फीत उजेडात धरायची, तिची भोके बाहीवरच्या भोकांशी जुळतात का ते पाहायचे, नाही जुळली की बाजूला ठेवायची. दोन दिवस अण्णांनी दुसरे काम हाती घेतले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिन्हींची जोड लागली. मग त्यांनी यंत्र बाजूला सारून हातानेच शिवायला घेतले. भोकांची ओळ एका अंगाला कलत होती. वाकडी शिलाई अण्णांच्या हाताला सोसत नसे. तरीही त्यांनी सुई एकदाही जुन्या भोकाबाहेर जाऊ दिली नाही.

मालतीबाई आल्या तेव्हा शर्ट हाती देण्याआधीच अण्णांनी सगळी चूक सांगून टाकली. शर्ट उलगडून बाई बाहीवर बोट फिरवत राहिल्या.

“वाकड्याच हायेत अजून,” त्या म्हणाल्या. “हे सुट्टीत आले व्हते, तवा ओट्यावर बसून हातानं लावल्या व्हत्या. लय हसले मी तवा.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

“त्यांनीच लावल्यात, ताई. मी नुसता दोरा घातला.”