गोदीजवळचं हॉटेल आणि रशीदची ट्रंक

"देवरावभाऊ, पाहा नं, थेच आपली बोट!" रशीद हॉटेलच्या खिडकीतून ओरडला. आपली म्हणे! बर्थ एक, तिकीट एक, आणि तेही त्याच्या नावावर.

मी पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत हेड फिटर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं, प्रेसिंग म्हणजे उरलेल्या रुईच्या गाठी बांधणं. साठ सालच्या आसपास शेठजींनी विलायतेहून नवी मशिनरी मागवली. ती शिकायला सहा महिने एक फिटर तिकडे जाणार होता. मला वाटलं, मीच. अठरा वर्षं झाली होती मला तिथे नोकरीला. माझ्या हाताखालच्या रशीदला पाना कसा धरायचा तेही मीच शिकवलं होतं. पण त्याला इंग्रजी ड्रॉइंग वाचता यायचं, मला नाही, म्हणून निवड त्याची झाली.

"देवराव, मनाला लावून घेऊ नका," शेठजी म्हणाले. "पासपोर्ट, लशी, सगळं तुमचंही करून ठेवतो. ऐनवेळी रशीदचं काही अडलं, तर त्याच्या जागी तुम्ही जायचं. बोटीच्या एजंटला तसं कळवलंय."

म्हणजे मी स्पेअर पार्ट! तरी मी बॅग सहा महिन्यांची भरली.

गाडी लेट झाली तर बोट चुकायची, म्हणून शेठजींनी आम्हाला एक दिवस आधीच मुंबईला पाठवलं. गोदीपासून पाच मिनिटांवर खोली घेऊन दिली. सोय उत्तम होती. वर जायला लिफ्ट, खाली चहा. मोठं सामान न्यायला बोटकंपनीचा माणूस चार वाजता खोलीवरच येणार होता. पण मला काही गोड लागेना. रशीद नवा कोट घालून आरशापुढून हलेना.

"कसा दिसून राह्यलो, भाऊ?"

"बँडवाल्यासारखा."

तो हसला. चिडलासुद्धा नाही मेला!

दुपारी दोनच्या सुमारास मला जवसाच्या तेलाचा वास आला.

"ट्रंकेत काय भरलं रे?"

"अम्मीनं आंब्याचं लोणचं देल्लं, जवसाच्या तेलातलं. बरणी फुटू नये म्हून चहूकडून कापूस ठासला."

आमच्याकडे जपून न्यायची वस्तू कापसातच जाते. बांगड्या, औषधाच्या बाटल्या, अंडीसुद्धा. पण तेल मुरलेला कापूस बंद जागेत आपोआप तापतो आणि काडी न लावता पेटतो. फॅक्टरीत कापसाच्या गंजीजवळ एक तेलकट बोळा सापडला तरी मी माणसाला दिवसभर घरी बसवत असे. रशीदला हे पाठ होतं. पण घरचं लोणचं भरताना कोणाला फॅक्टरी आठवते? आणि बरणी गाडीत हिंदकळून झिरपली होती, हे वासावरून कळत होतं.

मी बोललो नाही. खरं तेच सांगतो. मनात आलं, गोदीवाले सुट्या कापसाला फार भितात. चार वाजता तो माणूस येईल, वास घेईल, ट्रंक उघडायला लावेल. रशीद अडकेल आणि मी जाईन.

"चहा घेऊन येतो," म्हणून मी खाली उतरलो. दोन कप प्यालो. विलायतेहून बायकोला काय आणायचं तेही ठरवून टाकलं.

साडेतीनला वर आलो तर रशीद ट्रंकेला दोरी बांधत होता. "भाऊ, जरा गाठ दाबा नं."

मी झाकणावर हात ठेवला. पत्रा कोमट लागला. खोलीत ऊन नव्हतं.

"हट बाजूला!" मी दोरी कापली आणि ट्रंक फरफटत नेऊन मोरीत उपडी केली. कापसाचा गोळा आतून तपकिरी झाला होता, त्यातून धूर निघत होता. मी बादलीभर पाणी ओतलं. रशीदनं तो ओला गोळा उलटून पाहिला. "या अल्ला! बोटीत पेटलं असतं तं?"

त्या बोटीत शेकडो माणसं जाणार होती. चहा पिताना मला त्यातलं एकही आठवलं नव्हतं.

त्याचे कपडे तेलानं खराब झाले. शेवटी माझेच शर्ट त्याच्या ट्रंकेत गेले, एक सकाळसाठी बाहेर ठेवला. जिवावर आलं, पण दिले. चार वाजता माणूस आला आणि सामान घेऊन गेला.

मग रशीद म्हणाला, "वास मलेही आलता, भाऊ. मी उघडून पाहणारच होतो. पण तुम्ही इचारलं, अन् काही न बोलता चहाले गेले. म्हटलं, उस्तादले चालते, म्हंजे ठीकच असन."

 त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी बोट सुटली. माझाच निळा शर्ट घालून तो कठड्याशी हात हलवत होता. पोटात जळजळ होतीच, ती काही गेली नाही. पण पुढे रिटायर होईपर्यंत एक नियम पाळला. कामात काही खटकलं की आधी बोलायचं, मग चहा. समोरचा माणूस डोळ्यांत खुपत असला तर जरा जास्तच मोठ्यानं बोलायचं.