सोप्यातली फळी

आमच्या अनगोळच्या घरात शिरलं की आधी दिसायची फळी, माणसं नंतर. सोप्याच्या समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ती गेलेली, आणि तिच्यावर माझ्या थोरल्या जाऊबाईंची, नागुबाईंची, म्हणजे आमच्या आक्कांची सगळी दौलत. डावीकडं तांब्याचा हंडा, मग घागरी, कळश्या, पितळी डबे, असं उतरत उतरत शेवटी बोटभर निरांजन. मधेमधे शोभेला मण्यांचा मोर, चिनी मातीचं कुत्रं आणि कॅम्पातल्या कुण्या साहेबाच्या दोन निळ्या रिकाम्या बाटल्या.

देवपूजा एखादे दिवशी चुकेल, फळी पुसायची चुकायची नाही. आक्कांनी भांड्यांशीच लग्न लावलंय, असं मी नवी सून असताना त्यांच्या पाठीमागं म्हणायची. आज ते आठवलं की स्वतःची जीभ हासडावीशी वाटते.

त्यांचंही काही चुकत नव्हतं. आमच्याकडं मुलगी बघायला आलेल्या बायका मुलीआधी फळी बघत. घरात काय आहे, पोरीला वळण काय आहे, ते तिथंच कळतं म्हणायच्या. आक्कांना एकच लेक, मालू. गुणाची पोर, पण एका डोळ्यात फूल पडलेलं. दोन स्थळं तेवढ्यावरूनच फिरली होती. तिसरं पिरनवाडीचं आलं, आणि ती मंडळी सोमवारी येणार होती.

त्या साली आसपासच्या गावांत गाठीचा रोग होता. घरात उंदीर मरून पडला की चावडीवर सांगायचं, दाराला कुलूप घालायचं आणि रानातल्या झोपडीत जाऊन राहायचं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

रविवारी दुपारी भांडी काढली. परसात मी आणि मालू चिंचेनं घासत होतो. घासलेल्या कळश्या घेऊन मी आत आले, तर आक्का हंड्यामागं हात घालून तशाच उभ्या. त्यांनी चिंधीत काहीतरी गुंडाळून खाली घेतलं. शेपूट चिंधीबाहेर लोंबत होतं.

"अंबू, उद्याचा दिस जाऊ दे गं," त्या हळू म्हणाल्या. "झोपडीत कोण पोरगी बघतंय? मंगळवारी मीच चावडीवर सांगते."

मी मान हलवली. नवी होते, घाबरले, अशी मी मनाची समजूत घालत आले. खरं म्हणजे मलाही वाटलं, एका दिवसानं काय होतंय. तेवढ्यात मालू फडकं घेऊन आली आणि पाटावर चढून हंड्यामागची धूळ पुसू लागली. तिला नको म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. आम्ही दोघी बघत राहिलो.

सोमवारी पिरनवाडीच्या बायका आल्या. मुलाच्या आईनं हंड्यावर नख वाजवून बघितलं, कुणी मांडलं म्हणून विचारलं. पोरीनंच, असं आक्का म्हणाल्या. मुलगी पसंत पडली, साखर वाटली. मंगळवारी आक्कांनी शब्दाप्रमाणे चावडीवर सांगितलं, आणि आम्ही रानात गेलो.

गुरुवारी मालूला ताप चढला, जांघेत गाठ आली. तापात ती एकच विचारायची, त्या बायकांना फळी आवडली का. व्हय गं, लई आवडली, असं आक्का दर वेळी सांगायच्या. शनिवारी पोर गेली.

दोन महिन्यांनी घरी परतलो तेव्हा आक्कांनी सगळी भांडी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. उंदीर रविवारीच सापडला होता हे त्या कुणाला बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. पुढं सोळा वर्षं आमच्यात त्याचा शब्द निघाला नाही.

मग माझ्या लेकीला, शालूला बघायला माणसं येणार ठरलं. आक्कांपुढं भांड्यांचा विषय काढायला मला तोंड नव्हतं, तरी काढला. त्या माळ्यावर चढल्या. दिवसभर एकट्यानं घासून त्यांनी फळी मांडली, मोर आणि कुत्रं जागच्या जागी, बाटल्यासुद्धा. फक्त डावं टोक रिकामं होतं आणि हंडा खाली जमिनीवर. राहिला असेल म्हणून मी तो उचलायला वाकले. आक्कांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तितं मोकळं," त्या म्हणाल्या. "उंदीर पडला तर ह्या बारीला सगळ्यास्नी दिसाय पायजे."