मिशीवाल्यांची कवळी

नाटक कंपनीत त्यांना सगळे मिशीवाले म्हणत. स्वतःच्या ओठावर त्यांनी जन्मात केस राखला नाही, पण एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ओठांवर मात्र इमानेइतबारे चिकटवले. राजाची पीळदार मिशी, सावकाराची झुबकेदार, चोराची पेन्सिलीनं काढल्यासारखी. रंगपटातल्या त्यांच्या खुर्चीत मोठमोठे नट मान वर करून, डोळे मिटून बसत. कुणाचा टोप किती टक्कल झाकतो, कुणाचे पुढचे दोन दात बसवलेले आहेत, सगळं त्यांना ठाऊक. पण बाहेर अवाक्षर नाही.

असा हा सगळ्यांचे चेहरे जाणणारा माणूस स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत फार मानी. दात पडू लागले तसे ते ओठ मिटून हसायला शिकले. शेवटचे सहा एकदम काढावे लागले, तेव्हा 'बहिणीकडे जातो' सांगून अडीच महिने नाहीसे झाले आणि परतले ते भरल्या तोंडानं. कंपनीत कुणाला पत्ता लागला नाही. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या झकास बसल्या होत्या.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला करड्या. त्यांनी बजावलं होतं, "रात्री कवळी काढायची आणि पाण्यात ठेवायची. हिरड्यांनाही झोप लागते. पेस्टनं घासू नका, ओरखडे पडतात. मऊ ब्रश आणि साधा साबण घ्या. धुताना खाली पाण्याचं भांडं ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. आणि काका, टोचली, सैल झाली, तर माझ्याकडे या. घरी कारागिरी नको."

काकांनी सगळं ऐकलं आणि धुण्यापुरतं पाळलं. तेही न्हाणीघराचं दार लावून. रात्री कवळी काढायची म्हणजे बायकोसमोर तोंड उघडं पडणार!

"अहो, संसाराला चाळीस वर्षं झाली," बायको म्हणायची. "तुमचं घोरणं सोसलं, तुमचा राग सोसला. आता बोळकं बघून मी काय माहेरी जाणार आहे? या वयात घेतंय कोण मला!"

मिशीवाले भिंतीकडे तोंड करून झोपत.

दात काढल्यावर हिरडी हळूहळू खचते. आठ महिन्यांत खालची कवळी डुगडुगू लागली. एकदा एका नटाला "मान वर!" म्हणताना ती उडी मारून जिभेवर आली. मिशीवाल्यांनी खोकल्याचं निमित्त करून ती आत ढकलली. शनिवार आठवड्यावर आला होता, आणि शनिवारी बाईंचा शेवटचा प्रयोग होता. बाई कंपनीच्या मुख्य नटी. बत्तीस वर्षं त्यांनी आपल्या चेहऱ्याला मिशीवाल्यांखेरीज कुणाचा हात लागू दिला नव्हता. आता गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून त्या रंगभूमी सोडत होत्या. त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर आपली कवळी निसटली तर?

साधा माणूस अशा वेळी डॉक्टरकडे जातो. मिशीवाल्यांसमोर मात्र मिशा चिकटवायच्या डिंकाची बाटली उभी होती. जो डिंक तलवारबाजीत सुटत नाही, तीन अंकांच्या रडण्यात सुटत नाही, तो थुंकीला काय भीक घालतो? त्यांनी कवळीच्या आत ब्रशचा एक हात फिरवला, जरा सुकू दिला आणि दाबून बसवली. डोळ्यांत पाणी आलं, पण कवळी तासभर हलली नाही. संध्याकाळी डिंकाचे पापुद्रे निघाले, ते त्यांनी मिशा सोडवायच्या स्पिरिटनं पुसले. चार दिवस हाच प्रयोग चालला. पाचव्या दिवशी पाण्याचा घोटही घेववेना. कवळी पांढुरकी पडून तिच्यावर केसासारख्या चिरा उमटल्या होत्या. बायकोनं त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

"हे काय लावलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मिशीवाल्यांची दातखीळ बसली. बायकोच म्हणाली, "मिशीचा डिंक."

डॉक्टरीणबाईंनी एकदा कवळीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "काका, हा कातडीवर लावायचा. बाहेरच्या."

"राजालाही चालतो," मिशीवाले पुटपुटले.

"राजाच्या हिरडीला?"

निकाल सरळ होता. ही कवळी बाद. पंधरा दिवस मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या, वरची-खालची, कुठलीच कवळी तोंडात घालायची नाही. हिरड्या बऱ्या झाल्या की नवं माप.

घरी येताच मिशीवाले म्हणाले, "शनिवारी दुसऱ्या कंपनीतला रंगवाला पाठवतो."

"पाठवा की," बायको म्हणाली. "बाईंचा शेवटचा चेहरा परक्याच्या हातून होऊ दे. तुमची अब्रू राहिली म्हणजे मिळवलं."

शनिवारी मिशीवाले नाकातोंडावर रुमाल बांधून रंगपटात शिरले. सर्दी झाल्याची खूण केली. पहिले दोन अंक निभावले. तिसऱ्या अंकात बाई ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या वेषात यायच्या, आणि मधे वेळ फक्त बारा मिनिटांचा. मिशीवाले घाईनं वाकले, तर रुमालातून वर येणाऱ्या वाफेनं चष्मा धुरकटला. पुसला, पुन्हा धुरकटला. ओठाजवळची रेघ गालावर गेली.

"काय चाललंय?" बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "ब्रश गालावर गेला तुमचा."

आठ मिनिटं उरली होती. मिशीवाल्यांनी क्षणभर दाराकडे पाहिलं, मग रुमाल ओढून खाली टाकला.

बाईंनी डोळे उघडले. "अगंबाई! हे कधी झालं?"

"आठ महिने झाले."

"आणि मला सांगितलं नाहीत? माझ्या टोपाखाली काय उरलंय ते तुम्हाला पाठ, आणि तुमचं बोळकं माझ्यापासून झाकायचं? हा कुठला न्याय?" त्यांनी मिशीवाल्यांची हनुवटी दोन बोटांत धरून दिव्याकडे वळवली. मग निरखून म्हणाल्या, "अहो, तुम्ही म्हातारीच्या तोंडाच्या रेघा खाली ओढता. या बघा, आत जातात. पिशवीची नाडी आवळावी तशा."

मिशीवाल्यांनी आरशात पाहिलं. बाई म्हणत होत्या ते खरं होतं. एकेचाळीस वर्षं त्यांनी म्हाताऱ्या चुकीच्या रंगवल्या होत्या.

"पुसा," बाई म्हणाल्या.

"सहाच मिनिटं आहेत."

"मग बोलताय कशाला?"

एकदा आरशातलं आपलं तोंड, एकदा बाईंचं, असं बघत मिशीवाल्यांनी ओठांभोवती एकेक रेघ आत नेली. खालच्या ओठाचा रंग मारून टाकला, गालांत सावली भरली. घंटा झाली तशा बाई उठल्या आणि कमरेत वाकून विंगेकडे चालू लागल्या.

मिशीवाले स्पंज धुवत होते, तेवढ्यात पडदेवाला धापा टाकत आत आला. "मिशीवाले, बाई कुठायत? अंक उघडतोय, आणि विंगेत भलतीच कुणी म्हातारी येऊन उभी राहिलीय!"

मिशीवाले हसले. चांगले तोंड भरून हसले.

पडदेवाला बघतच राहिला. "अहो, तुमचे दात?"

"रजेवर आहेत," मिशीवाले म्हणाले. "पंधरा दिवस. जा, पडदा उघड."